सांगता येण्याजोगा आजार

उदगीरच्या मल्लम्माचं किराणा दुकान भर रस्त्यावर. एचआयव्हीची गोळी मात्र ती आतल्या खोलीत, लिंगपूजेच्या निमित्तानं दार लावून घ्यायची. ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून औषधाला लातूर सोडून नांदेड गाठायची.

पुढं खोकला लागला. थुंकीच्या तपासणीत काही निघालं नाही. डॉक्टरांनी मानेतली गाठ तपासली, तेव्हा टीबी सापडला.

"टीबी व्हय? मग हे सांगता येतंय की," मल्लम्मा म्हणाली.

तेव्हापासून दोन्ही आजारांच्या गोळ्या ती गल्ल्यावर बसून, गिऱ्हाइकांदेखत घेऊ लागली. शेजारीण दूध पाठवू लागली.

टीबी बरा झाला, हे मल्लम्मानं कुणाला सांगितलंच नाही. अजूनही गोळी घेण्याआधी ती पदर तोंडाला लावून जरा खोकून घेते.