ओवाळणीतला पॉवर सप्लाय

माझा थोरला भाऊ आबाजी कुठलीही वस्तू घेताना आधी हातात तोलून बघतो. कलिंगड तोललं तर मी समजू शकते, ते सगळेच तोलतात. पण आबाजीदादाने माझ्या लग्नातला मिक्सर तोलला, नवऱ्याला दिलेलं घड्याळ तोललं, आणि दिशा झाली तेव्हा नर्सने सांगायच्या आधी पोरगी हातावर घेऊन तिचं वजन सांगितलं. ते बरोबर निघालं, हे माझं दुर्दैव. तेव्हापासून त्याला कोणी काही बोलायची सोय राहिली नाही.

वडगाव निंबाळकरला त्याचं मोटारी भरायचं दुकान आहे. विहिरीवरची जळालेली मोटार येते, दादा तिच्यातली जळकी तार काढतो आणि तांब्याची नवी भरतो. त्या धंद्यात वजन म्हणजेच इमान. तांबं कमी घातलं की मोटार हलकी होते आणि ऐन उन्हाळ्यात माणसाला रडवते. दादाने आयुष्यात कुणाचं तांबं मारलं नाही. हे सगळं मला मान्य आहे. पण जगातली प्रत्येक वस्तू म्हणजे विहिरीवरची मोटार नव्हे, हे त्याला सांगायचं कोणी?

आम्ही बारामतीत राहतो. माझी मुलगी दिशा कॉम्प्युटरवर स्पर्धेचे गेम खेळते. नुसता वेळ घालवायला नाही. पुण्याच्या एका संघाने तिला निवडीच्या सामन्याला बोलावलं होतं. घरूनच खेळायचा होता, भाऊबीजेनंतरच्या रविवारी. शिकवण्या घेऊन तिने एकेक भाग जमवत तगडा कॉम्प्युटर उभा केला होता. राहिला होता फक्त पॉवर सप्लाय, म्हणजे भिंतीतली वीज घेऊन आतल्या भागांना पेलेल अशी करून देणारा लोखंडी डबा. सामन्यात मशीन मध्येच बंद पडलं तर खेळाडू बाद, असा नियम होता. म्हणजे पोरीची दोन वर्षांची मेहनत त्या डब्यावर अवलंबून होती.

इथल्या कॉम्प्युटरवाल्या अफजलने आम्हाला नीट समजावलं. पडद्यावरची चित्रं काढणारं ग्राफिक्स कार्ड खेळात एकदम जोर मागतं, तेव्हा डबा टिकला पाहिजे. वॉटचा आकडा कोणीही छापतं. कंपनी बघा, तपासणीचा शिक्का बघा, वॉरंटी किती वर्षांची ते बघा. त्याने एक नाव सांगितलं. माल संपला होता, मागवून देतो म्हणाला. इथं गप्प बसायचं सोडून मी फोनवर दादाजवळ बोलले आणि माती खाल्ली. दादा म्हणाला, तो कामासाठी पुण्याला जाणारच होता, तर डबा तोच आणेल, यंदाची ओवाळणी तीच.

भाऊबीजेला मी ओवाळलं आणि दादाने ताटात डबा ठेवला. ताट कलंडलं, निरांजन मी कसंबसं सावरलं. डब्यावर भलतंच नाव होतं. पुण्याच्या दुकानदाराने दोन्ही डबे समोर ठेवले होते म्हणे. अफजलने सांगितलेला हलका लागला, हा चांगला दगडासारखा. वॉट दोन्हीवर तेवढेच. मग हलका घ्यायला आपण काय खुळे आहोत का, असं दादाचं म्हणणं.

दिशाने माझ्याकडे बघितलं, मी जमिनीकडे. ओवाळणी परत करायची नसते. भाऊ काय देईल ते कपाळाला लावायचं, हे आईने आम्हाला शिकवलेलं. नवऱ्याला विचारलं तर ते म्हणाले, तुझा भाऊ आहे, तू बघ. या घरात माझा भाऊ नेमका अडचणीच्या वेळीच माझा असतो.

दादा गेल्यावर डबा बसवला. गेम सुरू झाला, आणि लढाई रंगात आली तसा पडदा काळा. पुन्हा सुरू केला, पुन्हा काळा. फोन करताच दादा टेस्टर, पकड घेऊन हजर. लाइनीचा दोष आहे म्हणाला. बोर्ड खोलला, वायर बदलली. मग अर्थिंग सुधारेल म्हणून मागच्या अंगणातल्या त्याच्या खड्ड्यात मीठ ओतलं, वर बादल्यांनी पाणी. माझी कोथिंबीर वाहून गेली. दिशा हळूच म्हणाली, मामा, फ्रिज चालू आहे, टीव्ही चालू आहे. त्यावर दादाचं उत्तर, त्यांना नाजूकपणा नसतो. पडदा परत काळा झाला. दिशा उठून आत गेली आणि तिने दार लावून घेतलं. दादा मात्र आणखी मीठ आहे का विचारत होता.

माझं डोकं फिरलं. मी डबा सोडवून घेतला, ओवाळणीच्या त्याच ताटात ठेवला आणि त्याच्यापुढे धरला.

"दादा, ही ओवाळणी मला नको."

"भावाची ओवाळणी माघारी देतीस व्हय?"

"देते."

त्याने डबा उचलला आणि चहा न घेता गेला. मला वाईट वाटलं. राग त्याहून जास्त आला, कारण वाईट वाटायची पाळीही त्यानेच आणली होती.

शनिवारी तो परत आला. एका पिशवीत तो जुना डबा होता, झाकण उघडलेला. आत तारांच्या पलीकडे एक लोखंडी पट्टी स्क्रूने आवळून बसवलेली.

"ह्ये बघ," दादा म्हणाला. "कशालाच जोडलेली न्हाय. नुसती वजनाला घातलीया." मग म्हणाला, "लोकांनी माझ्या हातावर इसवास ठेवला, म्हनून मीबी ठेवला गं."

मला त्याला पुष्कळ बोलायचं होतं. इतके दिवस मनात साठवलं होतं. ते सगळं सोडून मी चहाचं आधण ठेवलं.

दुसऱ्या पिशवीत अफजलने सांगितलेला डबा होता. माल आला का हे विचारायला दादा स्वतःच त्याच्या दुकानात गेला होता. चांगला जड आहे का रे, असं मी मुद्दामच विचारलं आणि पिशवी त्याच्याकडे सरकवली. त्याने दोन्ही हात मागे घेतले.

"तूच धर. माझ्या हाताला इचारू नगं."

रविवारी दिशा खेळायला बसली. दादा तिच्या मागे स्टुलावर. खेळातलं त्याला काही कळत नव्हतं. तो डब्याच्या पंख्याकडे डोळे लावून होता. मी पाणी दिलं, त्याने घेतलं नाही. लढाई रंगात आली, पंख्याचा आवाज वाढला, आणि दादाने माझा दंड असा आवळला की मी ओरडणार होते. पडदा काळा झाला नाही. सामना शेवटपर्यंत चालला. संध्याकाळी दिशाला निवडल्याचा निरोप आला. ती मामाच्या गळ्यात पडली, माझ्या नाही.

दादाने टोपी सारखी केली, स्वयंपाकघरातून पाट आणून मांडला आणि त्यावर बसला.

"आता ओवाळ," तो म्हणाला.

भाऊबीज कधीच होऊन गेली, असं मी सांगितलं. तो उठेना. शेवटी मी निरांजन लावलं. ओवाळताना मला रडू आलं आणि त्याचाही मला रागच आला.