उसनं लेकरू

"हुशार नको, असेल ते लेकरू द्या," बाई कुठल्याही उंबऱ्यावर चप्पल काढता काढता म्हणायच्या आणि सरळ चुलीपाशी जाऊन बसायच्या. घरातली माणसं गोंधळायची. पाहुण्यापुढं आपण हुशार लेकरूच पुढं करतो की नाही? तुम्हीही केलं असेल. माझ्या आईनं मला येईल त्या पाहुण्यापुढं पाढे म्हणायला उभं केलं आहे.

बाई अर्थशास्त्राच्या. एकाच शाळेत, एकाच फळ्यासमोर बसून जमीनवाल्याचं लेकरू पुढं जातं आणि ऊसतोडवाल्याचं मागं का राहतं, हा त्यांचा अभ्यास. मी केजचा, पदवी घेऊन रिकामा हिंडणारा. त्यांच्याबरोबर गावोगाव फिरायचं काम मला मिळालं. चिठ्ठ्या टाकून घरं निवडायची आणि त्या घरातल्या लेकराकडून धडा वाचून घ्यायचा. जीपमध्ये बाई मोठ्यानं गायच्या. आवाज भयंकर होता. ड्रायव्हर विनाकारण हॉर्न वाजवत राहायचा.

त्या दुष्काळी वर्षी आम्ही नांदूरघाटच्या पुढच्या एका गावात गेलो. नाव सांगत नाही, पुढं तीच माझी सासुरवाडी झाली. दिवाळी झाली की निम्मं गाव लेकराबाळांसह ऊसतोडीला जायचं. आई-बाप गेले तरी लेकरांना गावात राहून शिकता यावं म्हणून तालुक्यात एक वसतिगृह निघणार होतं. बाईंच्या पाहणीत जिथं लेकरं जास्त मागं पडलेली दिसतील, त्या गावाला ते मिळणार होतं. गावाला हे ठाऊक नव्हतं.

पहिल्या घरी दोन वेण्यांची एक पोरगी आली आणि तिनं धडा घडाघडा वाचला. दुसऱ्या घरी मोकळ्या केसांची आली, तिनं त्याहून छान वाचला. तिसऱ्या घरची डोक्यावर ओढणी घेऊन आली आणि धापा टाकत होती.

"नाव काय बाळ तुझं?" बाईंनी विचारलं.

पोरगी घरातल्या बाईकडं वळली. "काय सांगू वं काकू? इथलं नाव काय हाय माजं?"

बाई इतक्या हसल्या, की चुलीवरचा चहा उतू गेला तरी त्यांना कळलं नाही. एवढ्यात दूध संस्थेचे चेअरमन धावत आले.

"बाई, गावाच्या इज्जतीचा सवाल हाय. हुशार पोरगी एकच, म्हनून घरोघर फिरवली."

ती पोरगीही ऊसतोडवाल्यांचीच. दिवाळीनंतर तीही जाणार होती. मी बाईंना बाजूला घेऊन म्हणालो, "वसतिगृहाचं सांगून टाका. नाहीतर हातचं जाईल."

"सांगितलं तर लेकरं मुद्दाम चुकतील. मग माझ्या अभ्यासाला काय अर्थ?"

मला त्यांचा भारी राग आला.

बाई चेअरमनकडं वळल्या. "मी पाचवीत गणितात नापास झाले होते. पाहुणे आले की वडील मला माळ्यावर बसवायचे."

"नापास? तुमी?" चेअरमन बघतच राहिले.

"अगदी सपशेल."

चेअरमननी एकदम अंगणात जाऊन आरोळी ठोकली, "ए, काढा बे पोरं भाईर!"

खाटेखालून, कणग्यांमागून लेकरं निघाली. वैरणीवाचून गावातलं दूध आटलं होतं, संस्थेची शेड रिकामीच होती. तिथं सगळ्यांना बसवलं. लेकरं अडखळत वाचू लागली. आया दारात उभ्या राहून ऐकत होत्या. "अर्ध्या सालातून उचलून नेतो आमी. कसं येईल त्यांला?" एक जण म्हणाली आणि पदरानं डोळे पुसू लागली. चेअरमननी स्वतःच्या नातवाला कानाला धरून आणलं. "ह्यो बी घ्या. ह्यो तर कुटंच जात न्हाई, तरी लई ढ हाय." बाईंनी त्यालाही आनंदानं जवळ बसवलं.

वसतिगृह त्याच गावाला मिळालं, त्याच शेडमध्ये.

दिवाळीनंतर ऊसतोडीचे ट्रॅक्टर निघाले तेव्हा मी तिथं होतो. बाई नव्हत्या. त्यांचं काम संपलं होतं आणि पुन्हा त्या आमच्या जिल्ह्यात आल्याच नाहीत. ट्रॅक्टर हलले तशा आया मागं वळून बघू लागल्या. शेडमधल्या लेकरांनी पुस्तकं उघडली आणि आयांना वळणापर्यंत ऐकू जावं म्हणून जिवाच्या आकांतानं धडा वाचायला सुरुवात केली. निम्मी चुकत होती. एकानंही आवाज खाली घेतला नाही.

बाई तिथं असायला हव्या होत्या.