खेळात भीती असावी, अशी माझी सूचना

तीन वर्षांपूर्वी मी कॉम्प्युटरवरच्या एका खेळात काय बदल करावेत, याबद्दल एक लांबलचक सूचना लिहिली. त्यानंतरच्या दिवसांत मी जेवढी घाबरले, तेवढी त्याआधी कधी घाबरले नव्हते.

हा खेळ गोळ्या झाडायचा नव्हे. समोर हिंदुस्थानचा जुना नकाशा असतो. एक राज्य निवडायचं आणि मग त्याच्या फौजा, तह, सोयरिकी, वारस, सगळं आपणच बघायचं. एकेक डाव दोन-दोन महिने चालतो. मी तेव्हा एकतीस वर्षांची होते आणि एका लॅबमध्ये रक्त काढायचं काम करत होते. ग्वाल्हेरला, खासगी बाजारातल्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर मी आणि बाबा, दोघंच राहायचो. आईला जाऊन चार वर्षं झाली होती. रविवारी दुपारी बाबा जेवून आडवे झाले की मी खेळायला बसायचे.

खेळ बनवणाऱ्यांनी इंटरनेटवर एक जागा ठेवली होती. खेळणारे तिथे आपापल्या सूचना लिहायचे. मी तिथे टोपणनावानं जायचे, आणि त्या नावावरून मी बाई आहे की पुरुष हेसुद्धा कळत नसे. माझ्या दोन सूचना होत्या. पहिली छावणीबद्दल. खेळात फौज एका जागी फार दिवस थांबली की उपासमारीनं माणसं मरायला लागतात. पण खरी फौज थांबली की तिच्याभोवती बाजार बसतो, सोनार येतात, हलवाई येतात, आणि हळूहळू छावणीचं गाव होतं. आम्ही राहतो त्या भागाचं नावच लष्कर आहे, हे मी लिहिलं नाही, पण डोक्यात तेच होतं.

दुसरी सूचना भीतीबद्दल होती. खेळात प्रत्येक सरदाराला आणि पलटणीला निष्ठेचा एक आकडा असतो. तो खाली गेला की ते फितूर होतात. मी लिहिलं की भीतीचा आकडा वेगळा असायला हवा. निष्ठा शाबूत असूनही माणूस पळतो, आणि भीती ओसरल्यावर परत येऊन इमानानं चाकरी करतो. त्याला बंडखोर धरणं चूक आहे.

त्यावर कोणीतरी विचारलं, याला आधार काय? तिथे आधाराशिवाय लिहिलेलं कोणी वाचत नसे. मग मी बाबांकडून ऐकलेली घरची गोष्ट लिहिली. बाबांच्या पणजोबांचे वडील इथल्या फौजेत शिपाई होते. अठराशे सत्तावनच्या बंडात शहरावर चालून आलेल्यांची धूळ दिसली तशी त्यांनी अंगरखा काढून टाकला आणि ते घराखालच्या धान्याच्या पेवात जाऊन बसले. दोन दिवस तिथेच होते. तिसऱ्या दिवशी बाहेर आले, आंघोळ केली, आणि पुढे वीस वर्षं त्याच फौजेत नोकरी केली. एवढ्यावर मी थांबायला हवं होतं. पण गोष्ट खरी वाटावी म्हणून मी पुढे हेही लिहिलं की आमचं घर ग्वाल्हेरच्या खासगी बाजारातलं आहे, आणि माझ्या वडिलांनी गोरखीतल्या एका शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवला आहे.

लोकांना ते आवडलं. खेळ बनवणाऱ्यांपैकी एकानं स्वतः येऊन विचार करू असं लिहिलं. त्या दिवशी मी बाबांसाठी इमरती घेऊन घरी गेले. कशाबद्दल, ते सांगितलं नाही.

दहा-बारा दिवसांनी लॅबमधल्या माझ्या मैत्रिणीनं तिचा फोन माझ्यापुढे धरला. इथल्या मराठी मंडळींच्या एका ग्रुपवर माझ्या लिखाणाचा फोटो फिरत होता. सबंध नाही, पेवाचा तेवढाच तुकडा. वर कोणीतरी हिंदीत लिहिलं होतं की आपल्या पूर्वजांना डरपोक ठरवणारा हा माणूस ग्वाल्हेरचाच आहे, बाप इतिहासाचा मास्टर, खासगी बाजारात राहतो, ओळखा. मैत्रिणीला ते माझं आहे हे माहीत नव्हतं. तिला नुसती गंमत वाटत होती.

समोर एक बाई दंड उघडा करून बसली होती. मी पट्टा बांधला, पण मला शीर सापडेना. दोनदा चाचपलं. हातमोज्याच्या आत बोटं ओली झाली होती. मी मैत्रिणीला म्हटलं, जरा तू घे, मला चक्कर येतेय. आणि आतल्या खोलीत जाऊन, रिकाम्या खोक्यांवर बसून ती सूचना काढून टाकली.

ते आणखी वाईट झालं. संध्याकाळपर्यंत ग्रुपवर आलं, काढून टाकलं म्हणजे चोर आहे. मग एकाचा आवाज आला, रेकॉर्ड केलेला, अगदी शांत: "पता निकल जाएगा। दो ही तो गलियाँ हैं।" मैत्रिणीनं तो मला पाठवला; मी किती वेळा ऐकला सांगता येत नाही. त्यात शिवी नव्हती, म्हणूनच त्याची जास्त भीती वाटायची, आणि तरी तो पुन्हा पुन्हा ऐकावासा वाटायचा.

बाबाही त्या ग्रुपवर होते. ते आंघोळीला गेले तेव्हा मी त्यांच्या फोनमधून तो ग्रुप काढून टाकला. पुढचे काही दिवस मी लॅबमधून निघताना रोज वेगळा रस्ता घ्यायचे. बाड्याच्या चौकात शेअरच्या ऑटोत बसले की आधी पलीकडच्या सीटवरच्या माणसाचा चेहरा बघायचे. जिन्यात पाऊल वाजलं की हातातलं काम थांबायचं. बाबांना म्हटलं, ऊन फार आहे, फिरायला जाऊ नका. ते म्हणाले, "अगं, ऊन कुठे आहे?" आणि माझ्याकडे बघत राहिले. मला वाटतं, त्यांना तेव्हाच काहीतरी कळलं होतं.

एका रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला घंटी वाजली. मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते. दार बाबांनी उघडलं. मधल्या दाराच्या फटीतून मला तिघे दिसले. एक जाकीट घातलेला, पन्नाशीचा. एक तरुण, हातात फोन. तिसरा आत आलाच नाही, जिन्यात उभा राहिला. मला सगळ्यांत जास्त भीती त्या जिन्यातल्याची वाटली.

जाकीटवाल्यानं फोनवरचा तो फोटो बाबांना दाखवला आणि आदरानंच विचारलं, "सर, हे आपल्याच घरून लिहिलं गेलंय ना?"

बाबांनी फोन लांब धरून वाचलं. वेळ घेऊन वाचलं. हे ते पहिल्यांदाच पाहत होते, आणि ती गोष्ट त्यांनी माझ्याशिवाय कोणाला सांगितलेली नव्हती.

"हो," ते म्हणाले. "मी लिहिलं."

मी बाहेर गेले नाही. परातीवर हात तसेच धरून उभी राहिले. आत्ता जायला हवं, असं स्वतःला सांगत होते आणि पाय हलत नव्हते. बाहेर जाकीटवाला म्हणत होता की लोक भडकलेत, मुलं ऐकत नाहीत, आम्ही आलो म्हणून बरं, दुसरे आले असते तर. सरांनी माफीचे दोन शब्द कॅमेऱ्यासमोर बोलावेत म्हणजे विषय संपेल. मजकूर त्यांनी लिहूनच आणला होता. बाबा म्हणाले की तो शिपाई माझ्या घरातला होता, त्याच्याबद्दल मी कोणाची माफी मागू? त्यावर जिन्यातला माणूस एक पायरी वर आला, तेवढंच.

मग बाबांनी मला हाक मारली. "माझा चष्मा आण गं."

चष्मा घेऊन मी बाहेर आले. हाताला कणीक तशीच होती. त्यांच्या हातात चष्मा दिला आणि म्हटलं, "ते यांनी नाही लिहिलेलं. मी लिहिलंय."

माझा आवाज इतका बारीक निघाला की मला वाटलं कोणी ऐकलाच नाही. पण तरुणानं फोन खाली केला आणि जाकीटवाल्याकडे पाहिलं. जाकीटवाल्यानं मान हलवली. "दीदी, तुम्ही आत जा. सर बोलतायत ना."

त्याचा माझ्यावर विश्वास बसला नाही, असं मला तेव्हा वाटलं. आता वाटतं, विश्वास बसला होता. पण मुलीला माफी मागायला लावल्याचा व्हिडिओ त्यांना शोभला नसता. बाबांनी चष्मा लावला आणि तो कागद वाचला. वीर पूर्वज, अपमान, क्षमा. वाचताना त्यांचा आवाज शाळेतल्यासारखा स्वच्छ होता. तरुणानं ते सगळं फोनवर घेतलं. तिघेही जाताना पाया पडून गेले.

दार लागल्यावर मी रडायला लागले. बाबा खुर्चीत बसले आणि पाणी मागितलं. मी विचारलं, तुम्ही तुमचं नाव का सांगितलंत? मला वाटलं, ते काहीतरी मोठं बोलतील. ते म्हणाले, "तोंडातून निघून गेलं. मी घाबरलो होतो."

थोड्या वेळानं ते आपणहून म्हणाले, "जाकीटवाला माझा विद्यार्थी. आठवीत तीन वर्षं होता. त्यानं ओळख दाखवली असती ना, तर मी घाबरलो नसतो."

व्हिडिओ दोन दिवस फिरला. कोणी शाबास लिहिलं, कोणी म्हाताऱ्या माणसाला कशाला, असंही लिहिलं. मग कुठल्यातरी लग्नातल्या मानपानाचं भांडण ग्रुपवर आलं आणि आमचा विषय मागे पडला. काही महिन्यांनी त्या खेळाचा नवा भाग आला. त्यात छावणीचं गाव होत होतं. भीतीचा आकडा नव्हता. मी एक डाव सुरू केला, आणि अर्ध्यावर सोडला.

बाबा मात्र घरीच बसले. गुरुवारी संध्याकाळी ते मराठी मंडळात जायचे, कोणाचं व्याख्यान, कधी नुसत्या गप्पा. ते बंद झालं. मी आग्रह केला की म्हणायचे, गुडघा दुखतो. दिवाळीनंतरच्या एका गुरुवारी ते स्वतःच सदरा बदलून बसले. मी सोबत निघाले. वाटेत रस्ता ओलांडताना त्यांनी माझं मनगट धरलं ते सोडलं नाही.

मंडळाच्या दारात पाच-सहा जण उभे होते. आम्हाला बघून ते गप्प झाले. परत फिरू या, असं मी म्हणणार, तेवढ्यात त्यांच्यातले एक वयस्कर गृहस्थ पुढे आले. त्यांना मी ओळखत नव्हते. त्यांनी बाबांचा दुसरा हात धरला. "चला सर, लवकर चला, आज आभार कोणी मानायचे यावरून वाद चाललाय." बाबांनी माझं मनगट सोडलं आणि आत गेले.

मी घरी जाणार होते, तसं बाबांना सांगितलंही होतं. पण समोरच्या कापडाच्या दुकानाच्या पायरीशी उभी राहिले. आत जाणारा प्रत्येक माणूस बघत होते, जाकीट दिसतंय का ते बघत होते. आतून एकदा हसण्याचा आवाज आला, तेव्हाही दचकले. दुकानदारानं दोनदा विचारलं, काही दाखवू का? शेवटी मी ब्लाउजपीस बघत बसले.

दीड तासानं बाबा बाहेर आले. मला पाहून थांबले.

"तू गेली नाहीस?"

"नाही."

"आभार मीच मानले," ते म्हणाले, आणि आम्ही चालायला लागलो.