टक-टक, धाड

मी गाणी नाही, ठोके रचते. एखादा आवाज घ्यायचा, तो फिरवत ठेवायचा आणि फिरता फिरता तो कुठं बदलतोय ते बघत बसायचं. वाकडमधली नोकरी सांभाळून हा उद्योग चालतो. घरात त्याला ‘पोरीचं खूळ’ म्हणतात.

अण्णा, म्हणजे माझे वडील, लातूरकडून आले ते भोसरीतल्या एका प्रेस शॉपमध्ये चिकटले आणि तिथूनच निवृत्त झाले. पत्र्याची पट्टी साच्यात ठेवायची, पायानं पेडल दाबायचं, वरून ठोका पडून पट्टीला आकार येतो. दिवसभर तेच. त्यांच्या शेवटच्या आठवड्यात मालकांना विचारून मी तिथं पाऊण तास रेकॉर्डिंग केलं. अण्णांनी ऐकून ‘हे माझं काम’ म्हणावं, एवढीच माझी हाव होती.

त्यातला सगळ्यात स्वच्छ ‘धाड’ निवडला, आजूबाजूची खुडबुड कापली आणि तोच दोनशे वेळा लावला. रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर हेडफोन त्यांच्या कानांवर चढवले. दोन मिनिटांत त्यांनी ते काढून ठेवले.

“एकच एक काय उगाळलंय?”

माझं डोकं फिरलं. बोलून गेले, “तुम्ही तीस वर्षं दुसरं काय केलंत? आणि भजनात एकच ओळ अर्धा तास म्हणता, ती?”

“ती घोळवतो,” अण्णा म्हणाले. “उगाळत नाही. अन् हा ठोका माझा नाहीच.”

नाही कसा? मीच तर रेकॉर्ड केला होता. जीभ सैल सोडल्याची लाज वाटत होती, पण त्याहून जास्त हा प्रश्न छळत होता. आठवडाभर मूळ रेकॉर्डिंग ऐकत राहिले. पहिल्या दिवशी नुसतं धाड-धाड. तिसऱ्या दिवशी धाडच्या आधी काहीतरी बारीक ऐकू यायला लागलं, टक-टक. कान एकदा तिथं बसला आणि मग दुसरं काही ऐकूच येईना. खुडबुड म्हणून मी कापलं होतं ते हेच.

विचारल्यावर अण्णांनी जेवणाच्या टेबलावर करून दाखवलं. पट्टी ठेवली, दोन्ही हात बाहेर काढले, बोटांच्या पेरांनी टेबलाची कड वाजवली आणि मगच पाय दाबला. शेजारच्या प्रेसवरच्या माणसाची दोन बोटं गेली, त्या दिवसापासूनची ही सवय. “हात बाहेर आलेत हे हातांनीच सांगायचं. डोळ्यांचा काय भरवसा?” घरी हा विषय त्यांनी कधी काढला नव्हता.

मग मी सलग वीस मिनिटं जशीच्या तशी घेतली. मधेमधे माझंच बोलणं येत होतं, तेवढं बंद केलं. टक-टक कधी सावकाश यायची, कधी घाईत, चहाची वेळ जवळ आली की जरा उतावीळ. अण्णा ऐकता ऐकता मांडीवर बोटं वाजवत होते. एके ठिकाणी बोटं थांबली.

“मागं घे जरा.” घेतलं. “इथं टक-टक नाही.”

वाटलं, चुकून माझ्याकडूनच उडाली. मूळ रेकॉर्डिंग लावलं. तिथंही नव्हती. होता तो मी बंद केलेला माझा आवाज. “अण्णा, इकडं बघा ना.” आणि लगेच धाड.

मी फोटो काढत होते. तो फोटो अजून माझ्या फोनमध्ये आहे, त्यात ते हसतायत. बोलायला गेले तर रडूच कोसळलं.

अण्णांनी दोन्ही पंजे माझ्यासमोर धरले. “मोज. दहाच्या दहा आहेत.”

मी खरंच मोजली.

“तो ठोका काढून टाकू?” मी विचारलं.

“राहू दे. माझ्याच कामातला आहे. तुझा आवाजपण ठेव. पण एकदाच. तो घोळवू नको.”