बारीक आसाचं जाळं

आमचं घर मांडवीला, वाळूला लागूनच. वडील गेल्यावर होडी दादाच्या हाती आली आणि जाळी विणायचं काम माझ्याकडे. पन्नास सालानंतरची ती वर्षं. मी सतरा-अठराची असेन.

पावसाळ्यासाठी होड्या शाकारून ठेवल्या होत्या, तेव्हा दादा म्हणाला, "बाय, या खेपेला आस अगदी बारीक ठेव. करंगळी जाता नये."

आस म्हणजे जाळ्याचं भोक. मी विचारलं, "एवढं बारीक कशाला?"

"जवळ्यासाठी."

जवळा बारीकच असतो. दोन महिने विणत बसले. बोटांना चिरा पडल्या, पण एक गाठ सैल सोडली नाही.

आमच्याकडे दसऱ्यापर्यंत खाडीच्या तोंडाशी कुणी जाळं बांधत नसे. त्या दिवसांत बोय, तांबोशी या माशांची पिल्लं समुद्रातून खाडीत शिरतात. वडिलांनी हे कायम पाळलं. भाद्रपदात एका सकाळी किनाऱ्यावर गेले, तर दादाने ती पिल्लं वाळूत वाळत घातलेली. नखाएवढी. बाजूला माझं जाळं.

"हा जवळा?"

माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "माडांना खत होतं. बागायतदार नेतात."

"मग मला खोटं का सांगितलंस?"

"खरं सांगितलं असतं तर विणलं असतंस?"

तो मला नीट ओळखत होता, आणि ओळखूनच त्याने मला फसवलं होतं.

पुढच्या वर्षी आणखी पाच घरांनी तसलीच जाळी बांधली. मी विणायचं सोडलं, तर दादाने दुसरीकडून विणून घेतलं. तीन-चार वर्षांत खाडीत उड्या मारणारे बोय दिसेनासे झाले. त्यांच्या मागावर येणारे रावसही यायचे थांबले.

शेजारची म्हातारी काकी रोज गुडघाभर पाण्यात उभी राहून हातजाळ्याने दोन वेळचं कालवण काढायची. तिला डोळ्यांनी कमी दिसे. एकदा हातजाळं आणि रिकामी टोपली घेऊन ती माझ्या दारात आली.

"बघ गो, जाळं कुठे फाटलंय. सगळं निसटून जातंय."

मी जाळं उन्हात धरून पुन्हा पुन्हा पाहिलं. कुठेच फाटलं नव्हतं. तरी सुई घेतली, धड असलेल्या जागी चार टाके घातले आणि म्हटलं, "झालं, काकी."