पुलावरचा राखणदार

दाजींचा आवाज म्हणजे गावाची सामाईक मालमत्ता होती. फोंडाघाटाच्या अलीकडच्या त्या गावात कुणाचं लग्न ठरो, कुणाच्या काजूच्या बागेत पंप बसो, नाहीतर कुणाचा मुलगा मुंबईला कामाला लागो, माणसं नारळ घेऊन दाजींच्या अंगणात यायची. दाजी टोपी सारखी करून देवाला गाऱ्हाणं घालायचे, म्हणजे त्या माणसाचं नाव घेऊन त्याच्यासाठी मागणं मागायचे. प्रत्येक मागणीनंतर जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. तसं म्हटल्याशिवाय गाऱ्हाणं पुढे सरकत नाही. दाजींना निमित्त कसलंही पुरे. वाडीत नवा ट्रान्सफॉर्मर आला तेव्हा त्यालाही त्यांनी गाऱ्हाणं घातलं, आणि खांबावर चढलेल्या वायरमनने वरूनच मुकाट्याने "व्हय म्हाराजा" म्हटलं.

अशा माणसाच्या घरात व्हिडिओ गेम आला तो त्यांच्या धाकट्या भावामुळे. भाई बोटीवर नोकरीला. जपानच्या कुठल्याशा बंदरातून त्यांनी पुतणीसाठी, संचितासाठी, हातात धरून खेळायचा गेम आणला. ती तेव्हा शाळेत होती. गेमात एक अवाढव्य काळा किल्ला, वटवाघळं, चालते सांगाडे, माणसांचं रक्त पिणारा किल्ल्याचा धनी, आणि या सगळ्यांशी लढत फिरणारा लाल डगल्यातला तरुण. अक्षरं सगळी जपानी. त्यामुळे गोष्ट काय आहे ते भाईंना कळलं नाही, संचिताला कळलं नाही. दाजींना मात्र लगेच कळलं.

किल्ल्याच्या मधोमध एक दगडी पूल होता. त्यावर खांद्यावर घोंगडी आणि हातात काठी घेतलेला एक म्हातारा उभा. तो अंगावर यायचा नाही, नुसती वाट अडवायचा. संचिताने तलवार उगारली तसे शेजारी सुपारी कातरत बसलेले दाजी म्हणाले, "थांब गो. तेका मारू नको. घोंगडी बघ, काठी बघ. तो थयचो राखणदार आसा."

गावाची शीव राखणारा, कुणाला न दिसणारा राखणदार तिकडे घरोघरी ठाऊक असतो. त्याला घोंगडी देतात, काठी देतात, विडी ठेवतात. दाजींनी पडद्यासमोर विडी ठेवली आणि रीतसर गाऱ्हाणं घातलं. संचिताने एकटीने "व्हय म्हाराजा" म्हटलं. म्हातारा हलला नाही. "तेच्या मनात नाय. दुसऱ्या वाटेन जा," दाजींनी निकाल दिला.

दुसऱ्या वाटेने जाऊन तिने धन्याला मारलं. अक्षरं वर सरकली, गेम संपला, घरात साखर वाटली गेली. पुढच्या सुट्टीत भाई सांगत आले, की किल्ल्याचा मोठा भाग पुलापलीकडेच आहे आणि म्हाताऱ्याला मारल्याशिवाय तो दिसत नाही, असं बोटीवरचा एकजण म्हणतो. "मोठो आसांदे," दाजी म्हणाले. "राखणदाराक मारून कोणाचा बरा झालेला माका म्हायत नाय."

संचिता आता फोंडाघाटच्या काजू कारखान्यात सुपरवायझर आहे. यंदा भातलावणी आटोपली आणि दाजींना अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, पण उजवं अंग गेलं आणि बोलणं गेलं. कणकवलीच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, "शब्द आत आहेत, ते बाहेर येत नाहीयेत. पहिले काही महिने महत्त्वाचे. त्यांनी स्वतः प्रयत्न केला नाही, तर पुढे कठीण आहे." दाजींनी दोन दिवस प्रयत्न केला. मग ओसरीवर कुणीतरी विचारलं, आता जत्रेला गाऱ्हाणं कोण घालणार. ते त्यांनी ऐकलं, ओठ मिटले आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. संचिताने फोटो दाखवले, भजनं लावली, हातापाया पडली. व्यर्थ.

कपाट आवरताना तिला तो जुना गेम सापडला. बाजारातल्या मोबाइलवाल्याने तो चालू करून दिला. दुपारी दाजींच्या खाटेशी बसून ती खेळू लागली. खरं तर स्वतःचं मन रमावं म्हणून.

"बापूस अंथरुणार, आणि तू खेळतंस?" आई, तुळसा, दारातून म्हणाली.

"आई, गप. दाजींकडे बघ," संचिता म्हणाली.

दाजींनी मान वळवली होती. ते पडद्याकडे बघत होते.

मग रोज दुपारी तेच. लहानपणी या किल्ल्याची तिला नुसती भीती वाटायची. आता तळहाताएवढ्या पडद्यावरचे ते उंच जिने, खिडक्यांतून दिसणारा जांभळा चंद्र, ऑर्गनचे ते घुमणारे सूर बघून-ऐकून ती थक्क व्हायची. कुठल्या कोण माणसांनी हे रचलं असेल, कुणासाठी, आणि येऊन पोचलं कुठे! दाजींची नजर लाल डगल्यामागून फिरायची. पण ओठ मिटलेलेच.

एके दिवशी पूल आला. म्हातारा तसाच उभा होता, घोंगडी आणि काठी घेऊन.

संचिताला एकाएकी संताप आला. ज्यांना दाजींनी जन्मभर आवाज दिला, त्या देवांनी आणि राखणदारांनी नेमका आवाजच नेला. मग यांची भीड कशाला? तिने तलवार काढली आणि अंगठा बटणावर नेला.

तिच्या मनगटावर हात पडला. दाजींचा डावा हात. ते कण्हत तिच्या आधाराने उठू बघत होते. तिने त्यांना पाठीशी धरलं. घशातून आधी नुसती घरघर आली. मग खोल विहिरीतून यावा तसा सूर आला.

"बा… म्हाराजा…"

दारात तुळसाच्या हातातलं पाखडायचं सूप खाली पडलं. दाजी थांबले होते, आणि तसं म्हटल्याशिवाय गाऱ्हाणं पुढे सरकत नाही.

"व्हय म्हाराजा," ती म्हणाली.

"शीव… राखतंस म्हाराजा…"

"व्हय म्हाराजा."

"चुकला… माकला… पदरात घी म्हाराजा…"

"व्हय म्हाराजा," आता तुळसाही म्हणाली, रडत.

हे सगळं जन्मभराचं पाठ होतं, जिभेवर बसलेलं. पण गाऱ्हाण्यात एक जागा पाठ नसते. ज्याच्यासाठी मागायचं त्याचं नाव तिथे येतं, आणि ते दर वेळी नवं असतं. दाजी तिथे येऊन अडले. ओठ हलले, आवाज फुटेना. कपाळावर घाम आला. तुळसा नाव सुचवायला पुढे झाली. संचिताने हात करून तिला थांबवलं. दाजी पडद्यावरच्या म्हाताऱ्याकडे बघत राहिले, मग मुलीकडे वळले.

"ह्या… माझ्या… सं… संचिताक… वाट दी म्हाराजा."

दाजी तिच्याकडे बघत तिच्या "व्हय"साठी थांबले होते.