सतरंजीच्या कोपऱ्यावरचा दगड

नाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी एरंडोलच्या स्टँडवर केळी घेत होतो. फोनवर त्यांची सून होती. ऐकलं, केळी गाडीवरच विसरलो आणि भलत्याच, चाळीसगावच्या बसमध्ये चढलो. कंडक्टरने उतरवलं. नाना असते तर म्हणाले असते, "दिगा, तू सरळ कधी पोचणार?"

यशवंतनाना आमच्या बौद्ध वस्तीतले निवृत्त मास्तर. स्मशानाची वाट गावातून जाते, पण आमची मयत तिथून नेऊ देत नसत. माझ्या वडिलांना आम्ही नाल्याच्या गुडघाभर पाण्यातून नेलं... त्यानंतर नाना दर सोमवारी तालुक्याच्या कचेरीसमोर सतरंजी टाकून बसू लागले. मागे आम्ही पंधरा-वीस जण. बसण्याआधी प्रत्येकाने खिसे उलटे करून दाखवायचे, हा त्यांचा नियम. "खिसामा काय शे, भाऊ?" तंबाखूची पुडी चालायची. दगड नाही.

मी स्वतःला फार हुशार समजायचो. एका सोमवारी दगड डब्यात लपवला, भाकरीखाली. दुपारी भूक लागली तशी हुशारी विसरलो आणि बंदोबस्ताच्या फौजदारालाच "घ्या साहेब" म्हणत डबा पुढे केला. त्याने भाकरी उचलली. खाली ठेच्यात माखलेला दगड.

नाना उठले. "हाऊ दगड आमना शे, साहेब. आजचं बसणं आम्ही मोडतो." नेमके त्याच दिवशी तहसीलदार बोलायला बाहेर येणार होते. सगळे माझ्यावर तुटून पडले. "हाताशी आलेली वाट घालवली याने." नाना एवढंच म्हणाले, "याचा बाप पाण्यातून गेला. राग खरा आहे याचा. पुढच्या सोमवारी हा माझ्याशेजारी बसेल."

दगड त्यांनी घरी नेऊन धुतला आणि वाऱ्याने उडणाऱ्या सतरंजीच्या कोपऱ्यावर ठेवू लागले. त्याच कोपऱ्याला माझी जागा. वाट मोकळी व्हायला आणखी दोन पावसाळे गेले. त्यातला एक तरी माझ्या डब्यामुळे...

गेल्या महिन्यात नानांना त्याच वाटेने नेलं. पूर्वी आम्हाला अडवणारे एक आबा ओट्यावर हात जोडून उभे होते. खांदा द्यायला पुढे झालो तेव्हा लक्षात आलं, मी आधी खिसे चाचपत होतो.

परवा नानांच्या घरी गेलो. सतरंजी घडी करून ठेवलेली, तिच्यावर दगड. वहिनी, म्हणजे नानांच्या सूनबाई, म्हणाल्या, "तुमचा हा दगड, घेऊन जाता का?"

म्हटलं, "सतरंजीसकट द्या. सोमवारी बसायचंय. शेजारच्या गावची वाट अजून बंद आहे."